जपानमध्ये शिकायला आणि होस्ट फॅमिलीकडे राहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकवते. विद्यार्थिनी असताना एक शैक्षणिक वर्ष नागोयाजवळच्या सेतो या गावी एका कुटुंबात राहिले होते. जानेवारी उजाडला की एप्रिलच्या प्रवेशाला निघालेली मुलं फोन करू लागतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईबाबा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढलेत. व्हिसाचे आणि फीचे नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरताना वकिलातीचं आणि तुमच्या शाळेचं ताजं पत्रक वाचाच.

होस्ट फॅमिली म्हणजे पेइंग गेस्टच ना?

नाही. पेइंग गेस्टला खाट मिळते, किल्ली मिळते, आणि भाडं वेळेवर दिलं की घरमालकीण फारशी विचारपूस करत नाही. होस्ट फॅमिलीत तुम्ही घरातल्या माणसांत मोजले जाता. म्हणजे लाडही होतात आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवावंही लागतं.

दोन प्रकार आहेत. एएफएस किंवा रोटरीसारख्या संस्थांमार्फत शाळकरी मुलं जातात तेव्हा कुटुंबं हौसेनं ठेवून घेतात, मोबदला घेत नाहीत. विद्यापीठामार्फत किंवा भाषाशाळेच्या ओळखीनं जाता तेव्हा दरमहा ठरलेली रक्कम भरावी लागते. पण त्यातलं बरंचसं जेवणखाण, वीज, गॅस यातच जातं. "पैसे भरलेत की" हा सूर एकदा मनात आला की तो चेहऱ्यावर दिसतो, आणि जपानी माणूस चेहरा फार बारकाईनं वाचतो.

जायचे मार्ग कोणते?

शाळेत असाल तर एएफएस आणि रोटरी युथ एक्स्चेंज. रोटरीत साधारणपणे वर्षभरात दोन-तीन कुटुंबं बदलतात, तेव्हा एका घरात रुळलात न रुळलात तोच पुढची बॅग भरावी लागते. कॉलेजात असाल तर विद्यापीठांमधल्या करारातून एक सत्र किंवा एक वर्ष. नागोयाचं नानझान किंवा ओसाकाजवळच्या हिराकाताचं कान्साई गाइदाई अशा काही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंबात ठेवण्याची पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे. तिसरा मार्ग भाषाशाळांचा. त्यांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात, आणि होमस्टे बहुधा पहिल्या एक ते तीन महिन्यांपुरता मिळतो.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे. त्यात फी, मासिक भत्ता आणि विमानभाडं मिळतं, पण राहायला बहुधा वसतिगृह असतं. अशा मुलांनी त्या त्या शहराच्या आंतरराष्ट्रीय मैत्री संस्थेत नाव नोंदवावं. शनिवार-रविवारपुरतं कुटुंबात राहायची सोय पुष्कळ ठिकाणी होते.

माझ्या मते पहिले चार-सहा महिने कुटुंबात आणि मग वसतिगृहात, हे सगळ्यात चांगलं. उलट क्रमानं गेलेली मुलं वसतिगृहातल्या भारतीय घोळक्यातून बाहेर पडत नाहीत.

जपानी किती यायला हवं? एन-५ पुरेल?

एन-५ म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पातळी. भाषाशाळेच्या प्रवेशासाठी साधारण १५० तासांचा अभ्यास किंवा एन-५ इतकी तयारी दाखवावी लागते. घरात मात्र प्रमाणपत्राचा फारसा उपयोग नाही. त्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. एन-३ झालेली मुलगी जेवणाच्या टेबलावर गप्प आणि एन-५ वाला हातवारे करत तासभर गप्पा मारतोय, असं मी पाहिलंय. वर्गात आपण "ताबेमासु" (खाणार) असं नीटनेटकं शिकतो. घरात "ताबेरु?" एवढंच कानावर येतं. आमचे ओतोसान, म्हणजे घरातले बाबा, पक्के नागोयाकडच्या बोलीत बोलायचे. तीन महिने मी त्यांच्या निम्म्या वाक्यांना नुसती मान डोलवत होते.

मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. वाक्यरचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. प्रश्नाच्या शेवटी "का" लावायचं तेही तस्संच: "किमासु का?" म्हणजे "येणार का?" होकार मिळवायला आपण "ना" म्हणतो, ते "ने" म्हणतात. हिरागाना या जपानी लिपीचा तक्ताही अ-इ-उ, क-स-त अशा क्रमानं जातो, कारण त्या मांडणीवर संस्कृत वर्णमालेचा प्रभाव आहे.

आणि घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. जपानी लोक "इत्तेकिमासु" म्हणतात. शब्दशः "जाऊन येतो". हा शब्द मला कुणाला समजावून सांगावाच लागला नाही.

व्हिसाची तयारी कधी सुरू करायची?

आधी तुमची शाळा किंवा विद्यापीठ जपानमधल्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करून पात्रतेचं प्रमाणपत्र काढतं. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. ते हातात आलं की इथे व्हिसाचा अर्ज. प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, त्यामुळे तिकीट फार पुढचं काढू नका.

तिथे उतरल्यावर मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड लगेच हातात देतात. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. तो पत्ता यजमानांचा असतो, म्हणून ओकासानला, म्हणजे घरातल्या आईला, सोबत येण्याची विनंती करा. आमची ओकासान पाण्याची बाटली, छत्री आणि काउंटरवर वाट बघताना खायला संत्री घेऊन आली होती. त्याच फेरीत आरोग्य विमा आणि, वय २० च्या पुढे असेल तर, पेन्शनच्या वर्गणीतून विद्यार्थी सवलतीचा अर्ज उरकून टाका.

कुटुंब आपल्याला निवडता येतं का?

नाही, पण फॉर्म खरा भरला तर निवड बरी होते. कुत्र्या-मांजरांची ॲलर्जी, सिगारेटचा त्रास, खाण्यातली बंधनं, रोज नमाज किंवा पूजा करत असाल तर तेही लिहा. "चालवून घेऊ" असं मनात म्हणून "काहीही चालेल" लिहिणारी मुलंच पुढे रडत फोन करतात.

"आईबाबा आणि दोन लहान मुलं" असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते जरा बाजूला ठेवा. मुलं नोकरीनिमित्त तोक्योला गेलीत आणि घरात दोघंच उरलीत, अशी साठी उलटलेली जोडपी पुष्कळ असतात. आणि अंतर. विद्यापीठापासून एक-दीड तास ही तिथे रोजची गोष्ट. मी मेइतेत्सुच्या सेतो लाइननं साकाएमाचीपर्यंत आणि पुढे भुयारी रेल्वेनं जायचे. महिन्याचा विद्यार्थी पास काढला की खर्च आवाक्यात येतो.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी राहणार नाही, पण शाकाहारी म्हणजे काय हे तुम्हालाच शिकवावं लागेल. "निकु" म्हणजे मांस, पण पुष्कळांच्या डोक्यात निकु म्हणजे डुकराचा-गाईचा तुकडा. हॅम, बारीक बेकन, कोळंबी हे "निकु"त बसत नाही असं प्रामाणिकपणे वाटणारी माणसं आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीनं "निकु खात नाही" सांगितल्यावर पहिल्या रात्री मोठ्या कौतुकानं माशाचा बेत झाला.

खरी अडचण दाशीची. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुधा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुकवलेल्या पापुद्र्यांचं. मिसो सूप, उकडलेली पालेभाजी, सोबा नूडल्सचं पाणी, इनारी-झुशीची गोड पिशवी, सगळ्यात ती असते आणि दिसत नाही. जपानी करीच्या वड्यांत प्राण्याची चरबी असू शकते. नात्तोबरोबर (आंबवलेलं सोयाबीन) येणाऱ्या छोट्या पुडीतही माशाचा अर्क असतो. तेव्हा हे वाक्य पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन." म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. आणि त्याच दमात पर्याय सुचवा: कोम्बु, म्हणजे समुद्री शेवाळ, किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशी. ओकाझाकीचा काळपट हात्चो मिसो कोम्बुच्या पाण्यात चांगला उतरतो. आमच्याकडे माझ्यासाठी एक पिवळं पातेलं वेगळं काढलं होतं.

बिनधोक काय? भात, तोफू (वर माशाचे पापुद्रे न घालता), एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), भाज्यांचं तेम्पुरा (बुडवायचं पाणी सोडून, मिठाबरोबर; पिठात अंडं असतं, ते चालत असेल तरच), उमेबोशी (खारवलेला आंबट प्लम) किंवा कोम्बु घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका. आणि नागोयाकडे असाल तर ओगुरा टोस्ट. तिथल्या कॉफीच्या दुकानांत सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि अंडं बरोबर येतं, त्याला मॉर्निंग म्हणतात. त्या टोस्टवर लोणी आणि वर गोड लाल घेवड्याचं सारण. चक्क पावावर पुरण. पहिल्या घासाला मला इतकं घरचं वाटलं की दुसरी कॉफी मागवली.

अंडं खात असाल तर निम्मे प्रश्न सुटतात. कांदा-लसूणही न खाणाऱ्या कडक जैन मुलांना मी सरळ सांगते: स्वतःचं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरीत मांस, मासे आणि उग्र वासाचं काही नसतं, कोयासानसारख्या ठिकाणी ते जेवण अवश्य जेवा. पण साठीतल्या बाईनं रोज दोन वेळा तसा स्वयंपाक करावा ही अपेक्षा रास्त नाही.

आंघोळीचं एवढं काय मोठं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. टब एकदाच भरतात, ४०-४२ अंशांचं पाणी. बाहेर स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं, मगच टबात उतरायचं. तो टब शेकायला आहे. निघताना बूच काढायचं नाही, झाकण घालायचं, कारण तुमच्यानंतर घरातले बाकीचे त्याच पाण्यात बसणार.

हे सगळं मी वर्गात शिकून गेले होते. तरी घात झाला. पहिलाच शनिवार होता. उद्या सुट्टी, म्हणून डोक्याला खोबरेल तेल लावलं. एप्रिलातही बाटलीतलं तेल गोठलेलं होतं, हीटरपुढे धरून वितळवलं आणि रगडून चंपी केली. नहायचं सकाळी, या हिशेबानं रात्री फक्त अंग धुऊन, केसांचा अंबाडा घालून टबात बसले. पाहुणी म्हणून माझा नंबर पहिला. माझ्यानंतर ओतोसान, मग ओकासान. कुणी काही बोललं नाही.

सकाळी उठून पाहते तो ओकासान टबावर वाकून स्वयंपाकघरातला टिपकागद पाण्यावरून अलगद ओढत होती. कागद पिवळसर होत होता. शेजारी वॉशिंग मशीनच्या पंपाची नळी वेटोळं करून ठेवलेली. उरलेलं पाणी कपड्यांना वापरतात हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "दाइजोबु." काही नाही, ठीक आहे. आणि मी ते खरं मानून वर गेले!

"दाइजोबु" हा शब्द लक्षात ठेवा. त्याचा अर्थ ठीक आहे, नको, राहू दे, बरं आहे, आणि फारच वाईट झालंय पण तुला वाईट वाटू नये, यांपैकी काहीही असतो. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी बाटली घेऊनच तिच्यापुढे गेले आणि सांगितलं, परवा रात्री हे केसांना होतं. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग कपाटातून प्लास्टिकची टोपी काढून दिली.

संडासाच्या चपला वेगळ्या, त्या तिथेच काढायच्या. तातामीच्या चटईवर कुठलीच चपल नाही. एवढं सांगून हा विषय संपवते.

जेवायला उशीर होणार असेल तर?

कळवा. घरी नसाल तरी कळवा, घरी असाल तरी कळवा. आमच्या फ्रिजवर महिन्याचं कॅलेंडर होतं आणि प्रत्येकाचा एक रकाना. रात्री जेवायला आहे की नाही ते ज्यानं त्यानं खूण करून सांगायचं. पहिल्या आठवड्यात मी उत्साहानं सगळ्या दिवसांपुढे बरोबरची खूण केली. संध्याकाळी घरी आले तर दोघं जेवून टीव्ही बघत होती आणि माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी बिस्किटं खाऊन झोपले, फुरंगटून.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. जपानी शाळांत बरोबर उत्तराभोवती गोल काढतात आणि आपण जी बरोबरची खूण करतो ती चुकलेल्या उत्तरापुढे येते. मी महिनाभर जेवणार नाही, असं लिहून ठेवलं होतं. आणि दोघांनी ते बिचाऱ्या मुलीचा काहीतरी उपास असेल म्हणून मान्य केलं होतं.

जपानी कचेऱ्यांत "होरेनसो" म्हणून एक शब्द चालतो. होरेनसो म्हणजे पालकाची भाजी, पण इथे होकोकु, रेनराकु, सोदान या तीन शब्दांची आद्याक्षरं: झालेलं सांगणं, होणारं कळवणं, अडलं की विचारणं. होस्ट फॅमिलीत टिकायला पालकाची ही जुडी पुरते. आपल्या घरात आई न सांगता ओळखते. तिथली आईही ओळखते, पण आपल्याला कळू देत नाही, म्हणून तोंड उघडण्याची जबाबदारी आपली. कळवायला लाइन ॲप असतंच. चुकीच्या जपानीतला निरोप उशिरा आलेल्या अचूक जपानीपेक्षा बरा.

त्यांना खरंच आई-बाबा म्हणायचं?

बहुतेक घरांत ओकासान, ओतोसान चालतं. पहिल्या दिवशी विचारून घ्या. पन्नाशीच्या आतल्या काही बायकांना नावापुढे "सान" लावलेलं जास्त आवडतं. नुसतं नाव कधीच नाही.

स्वयंपाकघर वापरू देतील का?

विचारून, आणि त्यांच्या वेळा टाळून. फोडणीपासून मात्र सावध. घर लहान, बंद, लाकडी, आणि धुराचा अलार्म छतावर. पंखा आधी लावा, मोहरी झाकणाखाली तडतडवा. हिंगाचा डबा तर दोन पिशव्यांत बांधून ठेवा. माझ्या बॅगेतला हिंग उघडा राहिला होता, तर ओतोसाननी गॅस गळतोय समजून मुख्य कॉक बंद केला आणि खिडक्या उघडून बाहेर उभे राहिले.

भेट काय न्यावी? आणि काय नेऊ नये?

लहान, नीट गुंडाळलेली, सुटी सुटी वाटता येणारी वस्तू न्या. बाकरवडी उत्तम, काजूकतली उत्तम. चिक्की नको. मी लोणावळ्याची नेली होती, आणि ओतोसानना कवळी होती. महागडी वस्तू दिलीत तर ते परतफेडीच्या ओझ्याखाली येतात. सेतोसारख्या गावात चिनी मातीचं काही नेणं म्हणजे गंगेला पाणी नेणं. जपानीत क्रोकरीला "सेतोमोनो" म्हणतात ते याच गावावरून.

मांसाचे पदार्थ, ताजी फळं, ताजा कढीपत्ता नेऊ नका. एप्रिलात हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, ती विमानतळावरच राहील.

औषधांचं मात्र गांभीर्यानं घ्या. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या खोकल्याच्या काही औषधांत कोडीन, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ठरावीक प्रमाणापुढे ही द्रव्यं तिथे बेकायदा आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीची नेहमीची औषधं एक महिन्याची नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्यापूर्वी "युन्यु काकुनिन-शो" नावाची मंजुरी काढावी लागते. आईनं भरलेली औषधांची पिशवी एकदा उघडून प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचा.

थंडी सोसेल का?

बाहेरची सोसते. घरातली नाही. होक्काइदो सोडलं तर पुष्कळ घरांत फक्त माणसं बसलेली खोली तापवतात, बाकी घर गार. जिना आणि संडासापर्यंतचा बोळ जानेवारीत फ्रिजसारखा. पायमोजे जास्त न्या. कोतात्सु नावाचं रजई लावलेलं बुटकं गरम टेबल मिळालं तर अभ्यास तिथेच करा, पण झोपू नका.

कचऱ्याचं काय?

जळणारा, न जळणारा, बाटल्या, प्लास्टिक, प्रत्येकाचा वार ठरलेला. पालिकेचा तक्ता भिंतीवर असतो. शंका आली तर विचारा, अंदाजानं टाकू नका. शेजारी पिशवी परत आणून ठेवतात आणि मान यजमानांची खाली जाते.

आमची मुलगी एकटी परक्या घरात. सुरक्षित आहे का? (हा प्रश्न नेहमी बाबांचा)

संस्थेनं कुटुंबाची प्रत्यक्ष भेट घेतली आहे का, तिथे मुलीशी बोलायला एक समन्वयक आहे का, रात्री फोन उचलतो का, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा. शेवटच्या ट्रेननं एकटं परतणं तिथे नवलाचं नाही, पण "मोंगेन", म्हणजे घरी यायची ठरलेली वेळ, बहुतेक घरांत असते आणि ती पाळायचीच. जपानमध्ये सज्ञान वय एप्रिल २०२२ पासून १८ झालं, दारू-सिगारेटसाठी मात्र अजून २० च आहे.

आणि बाबा, एक विनंती. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथली मध्यरात्र. रोज त्या वेळी व्हिडिओ कॉल केलात तर पातळ भिंतीपलीकडे दोन म्हातारी माणसं जागी राहतात.

शिकता शिकता काम करता येतं का?

परवानगी काढून आठवड्याला २८ तास, लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. ही परवानगी उतरताना विमानतळावरच मागता येते. बार, पब, पाचिंको या जुगारासारख्या खेळाची दुकानं वर्ज्य. काही एक्स्चेंज कार्यक्रमांत काम करायलाच मनाई असते. आणि रोज रात्री दहाला कामावरून येणार असाल तर होस्ट फॅमिलीत कशाला राहताय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आजारी पडलो, भूकंप झाला तर?

तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो. त्यात दवाखान्याच्या बिलाचे ३० टक्के तुमचे. उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला हप्ता कमी बसतो. रुग्णवाहिका आणि आग ११९, पोलीस ११०.

भूकंपाची पहिली सूचना फोन देतो, सगळ्या घरातले फोन एकदम किंचाळतात. टेबलाखाली शिरायचं, धावत बाहेर जायचं नाही. पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचारून ठेवा: आपत्तीची पिशवी कुठे आहे आणि जमायची जागा कोणती. आमची जमायची जागा प्राथमिक शाळेचं मैदान होती. ओतोसान मला तिथपर्यंत चालत घेऊन गेले आणि परतीची वाट मला शोधायला लावली.

नाहीच पटलं तर?

घर बदलता येतं. त्यात कुणाचा अपमान नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीच्या घरी रोज रात्री लहान मुलांना तिनं इंग्रजी शिकवावं अशी अपेक्षा होती. ठरलेलं नसताना दोन-दोन तास. तिनं चार महिने दात-ओठ खाऊन काढले आणि मग एकदम स्फोट झाला. पहिल्या महिन्यातच समन्वयकाला सांगितलं असतं तर एका चहावर मिटलं असतं. यजमानांशी थेट भांडू नका, मध्यस्थामार्फत बोला. तिथे तीच रीत आहे. घर बदललंत तर नवा पत्ता पुन्हा १४ दिवसांत नोंदवायचा.

मिठाचा खडा असा असतोच. महिनाभर अवघडलेपणा वाटणं आणि खरोखर न पटणं यांत फरक करा. पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच घरी पळावंसं वाटतं.

गणपतीत फार आठवण येते हो...

येणारच. तोक्योत असाल तर मराठी मंडळ आहे, आणि निशि-कासाईला डाळी-पिठं मिळतात. आसाकुसाच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात आपला गणपतीच कांगितेन या नावानं आहे. तिथे त्याला मुळा वाहतात. दूर्वा नव्हेत, मुळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

छोट्या गावात असाल तर मोदक करा. "जोशिनको" नावाचं तांदळाचं पीठ घ्या, त्याची उकड निघते. शेजारीच ठेवलेलं "शिरातामाको" चिकट तांदळाचं असतं, ते घेऊ नका. गुळाऐवजी ओकिनावाची काळी साखर, कुरोझातो. सुकं खोबरं कोमट दुधात भिजवून. मी तासभर पारी वळत बसले होते आणि माझ्या कळ्या नेहमीसारख्या बसलेल्या. ओकासान हात धुऊन शेजारी आली, म्हणाली, हे ग्योझासारखंच ना? (ग्योझा म्हणजे त्यांच्याकडचे मोमो.) आणि तिनं चिमटीनं एकामागून एक अकरा चुण्या घातल्या. अशा कळ्या माझ्या आजीलाच जमायच्या. नैवेद्याला तिचेच ठेवले.

परत आल्यावर संबंध टिकतात का?

तुम्ही ठेवलेत तर. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत हातानं लिहिलेलं आभाराचं पत्र, चुकीच्या कांजीसकट (कांजी म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं). नंतर दरवर्षी नेंगाजो, म्हणजे नव्या वर्षाचं पोस्टकार्ड. इथून पाठवताना डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाका. त्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर आधी तसं कार्ड येतं, मग त्या वर्षी शुभेच्छा पाठवायच्या नाहीत.

आमच्या ओकासानच्या कार्डावर दर वर्षी खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: कुणी येणार असेल तर खोबरेल तेलाची एक बाटली. थंडीत तिच्या टाचांना भेगा पडतात, त्यावर तिला दुसरं काही चालत नाही. बाटली गोठली की ती झाकण घट्ट लावून टबातल्या उरलेल्या पाण्यात सोडते. पाण्यावर तेल आलं नाही, हेही आवर्जून कळवते.